टीबीचा तिसरा महिना

सातवीच्या हजेरीपटावर एका नावापुढे सलग नऊ दिवस गैरहजेरी पडली, तेव्हा आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. आमचे गाव यंत्रमागांचे. इथे मूल शाळेत आले नाही तर त्याची कारणे ठरलेली असतात. नात्यात लग्न, घरात बाळंतपण, नाहीतर कारखान्यात कांड्या भरायला लागला. हा मुलगा कांड्याच भरत होता. त्याच्या अब्बांचे काम बंद पडले होते आणि मालकाकडून घेतलेली उचल फेडायची होती. अब्बा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. खोकल्याची उबळ आली की तोंडावर रुमाल धरत आणि लगेच तो मुठीत लपवत. रुमालावर रक्त होते.

या माणसाच्या आजाराची आम्हाला माहिती होती. दहा महिन्यांपूर्वी त्यांना टीबी निघाला आणि सरकारी दवाखान्यातून औषध सुरू झाले. दोन-अडीच महिन्यांनी जुम्याच्या नमाजनंतर ते मशिदीच्या दारात भेटले. गाल भरले होते, आवाजात जोर होता. म्हणाले, "सर, आता एकदम ठीक आहे. रातपाळी धरली परत." आम्ही माशाअल्लाह म्हटले, गळाभेट घेतली आणि घरी आलो. एक साधा प्रश्न मात्र आम्ही विचारला नाही. गोळ्या चालू आहेत ना? गोळ्या त्यांनी अकरा दिवसांपूर्वीच सोडल्या होत्या. हे आम्हाला कळले ते रुमाल पाहिल्यावर.

पुन्हा थुंकी तपासली, तेव्हा रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला त्यांचे जंतू आता दाद देत नाहीत असे निघाले.

शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट निघाली. एक सहकारी म्हणाले, "फुकट औषध मिळते म्हणून किंमत नसते लोकांना." आम्हालाही क्षणभर ते पटले. मग आमचाच धंदा आठवला. वर्गातली दोन मुले नापास झाली तर मुलांना रागवावे. पण दरवर्षी, प्रत्येक गावात, त्याच धड्यावर मुले नापास होत असतील तर शिकवणाऱ्याने आपले शिकवणे तपासावे. टीबीचे रोगी असेच एका ठरावीक जागी अडखळतात. दोन महिने सरतात, बरे वाटते, आणि तिसऱ्या महिन्यात गोळी सुटते. ती का सुटते आणि कोणाच्या हाताने टिकते, याचा शोध आम्ही घेतला. त्यात जे सापडले ते घराघरात ठाऊक असायला हवे असे वाटले, म्हणून हा लेख.

सहा महिने कशासाठी?

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. औषध मिळायला त्यानंतर साठ वर्षे लागली. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले. मरणाच्या दारातले रोगी त्याने उठून बसले आणि काही महिन्यांनी त्यातले बरेच पुन्हा आडवे झाले. एकच औषध दिले तर त्याला न जुमानणारे मोजके जंतू मागे उरतात आणि तेच वाढतात, हा धडा तेव्हा मिळाला. म्हणून टीबीत कधीच एक औषध देत नाहीत. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. आपल्याकडे ती एकाच गोळीत एकत्र केलेली असतात आणि रोग्याच्या वजनाप्रमाणे गोळ्यांची संख्या ठरते.

सहा महिने का, तर हा जंतू सुस्त आहे. इतर रोगांचे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला पंधरा-वीस तास लागतात. त्यातले काही तर निपचित पडून राहतात. औषध लागू पडते ते हालचाल करणाऱ्या जंतूंना. पहिल्या दोन महिन्यांत ते मरतात, ताप जातो, खोकला थांबतो, भूक लागते. रोग्याला वाटते, संपले. शेतकऱ्याला विचारा, हरळी वरवर कापली की रान स्वच्छ दिसते, पण मुळी राहिली तर पहिल्या पावसात ती पुन्हा वर येते. पुढचे चार महिने त्या मुळीसाठी असतात. बहुतेक आजारांत बरे वाटले की औषध संपते. इथे बरे वाटणे हीच धोक्याची जागा.

मद्रासमध्ये काय सिद्ध झाले

आमच्या लहानपणी मोठी माणसे सांगत, टीबी झाला की मिरजेला नेतात. डोंगराची, नाहीतर कोरडी हवा, दूध-अंडी, सक्तीचा आराम, घरापासून दूर. सॅनेटोरियमशिवाय टीबी बरा होत नाही, असे जगभरचे डॉक्टर मानत. पण ज्या देशात रोगी लाखोंनी आणि खाटा हजारांनी, तिथे करायचे काय?

१९५६ मध्ये मद्रासला एक केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी ते मिळून उभारले. डॉ. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख होते. शहरातल्या गरीब वस्त्यांतले १९३ रोगी त्यांनी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी. औषधे दोघांना तीच, मुदत तीच, एक वर्ष.

सॅनेटोरियमवाल्यांना चांगले अन्न, विश्रांती, परिचारिका. घरच्या गटाला एका खोलीत पाच-सात माणसे, तोकडे जेवण, आणि जरा बरे वाटताच कामाची ओढ. निकाल १९५९ मध्ये छापून आला. दोन्ही गटांतले बहुतेक रोगी बरे झाले होते आणि दोहोंत फरक थोडाच होता. पुढे पाच वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा तोही मिटला. आणखी महत्त्वाचे म्हणजे, घरी राहिलेल्या रोग्यांच्या बायकामुलांना टीबी होण्याचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा जास्त नव्हते. योग्य औषध सुरू झाले की रोग्यापासून इतरांना असणारा धोका झपाट्याने कमी होतो. घरच्यांना जी बाधा व्हायची ती बहुधा औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते.

या एका अभ्यासाने जगभरची सॅनेटोरियमे हळूहळू ओस पडली. टीबीचा इलाज घरी होतो, हे आपल्याच देशातल्या गरीब माणसांनी जगाला दाखवून दिले. पण त्याच अभ्यासात एक मेखही होती. केंद्राची माणसे न कळवता घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पाहत. तेव्हा काही जण नियमित घेत नाहीत असेही दिसले. घर हा दवाखाना होऊ शकतो, पण दवाखान्यात जे काम परिचारिका करते ते घरात कोणी करायचे?

पहारा की सोबत?

या प्रश्नाचे पुढचे उत्तर आफ्रिकेत घडले. डॉ. कारेल स्तिब्लो हे मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे. दुसऱ्या महायुद्धात माउटहाउझेनच्या छळछावणीत असताना त्यांना स्वतःला टीबी झाला होता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते टांझानियात गेले. रस्ते नाहीत, डॉक्टर मोजके, असा तो देश. त्यांनी नवे औषध शोधले नाही. प्रत्येक जिल्ह्यात एक माणूस नेमला आणि त्याच्या हाती एक नोंदवही दिली. तिमाहीत जेवढे रोगी नोंदले त्या प्रत्येकाचे पुढे काय झाले ते लिहायचे. बरा झाला, मरण पावला, औषध सोडले, की दुसरीकडे गेला. एकही नाव कोरे सोडायचे नाही. आम्ही शिक्षक असल्याने या वहीचे मोल आम्हाला लगेच कळले. हजेरी घेतली नाही तर कोण येत नाही हेच कळत नाही, मग त्याच्या घरी जाणार कोण?

१९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टीबीला जागतिक आणीबाणी म्हटले. टांझानियाच्या नमुन्यावरून 'डॉट्स' नावाची पद्धत देशोदेशी गेली. भारतात ती १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर आली आणि २००६ पर्यंत देशभर पोहोचली. तिच्यातली एक गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली, ती म्हणजे रोग्याने कोणाच्यातरी समोर गोळी गिळायची.

पण नुसते समोर गिळल्याने काम होते का? पाकिस्तानात ४९७ रोग्यांवर हे तपासले गेले आणि २००१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निकाल आला. एका गटाने आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गोळी घेतली, दुसऱ्याने घरच्या माणसासमोर, तिसऱ्याने आपली आपण. बरे झालेले अनुक्रमे ६४, ५५ आणि ६२ टक्के. म्हणजे पहाऱ्याने खास काही साधले नाही आणि तिन्ही गटांत दर तिघांमागे एक जण तरी राहूनच गेला. ज्याला केंद्रापर्यंत रोज यायचे तर मजुरी बुडते, त्याच्यासाठी पहारा हा आणखी एक अडथळाच होतो. हे आकडे वाचल्यावर आमच्या विद्यार्थ्याचे अब्बा डोळ्यांपुढे आले. दवाखान्याची वेळ आणि दिवसपाळीची वेळ एकच. महिन्याच्या गोळ्या आणायच्या तर एक दिवसाचे कापड गेले. त्यात कारखान्यात कळले तर माग हातचा जाईल ही धास्ती.

याउलट बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने काय केले ते पाहावे. १९८४ मध्ये माणिकगंज भागात त्यांनी काम सुरू केले. गावातलीच एखादी बाई, फार शिकलेली नाही, पण घरोघर ओळख असलेली, तिला तयार केले. तिला तिथे 'शास्थ्यो शेबिका' म्हणतात, आपण आशाताई म्हणतो तशीच. रोगी तिच्या घरी जाऊन गोळी घेतो, नाही गेला तर ती त्याच्या घरी येते. उपचार सुरू करताना रोग्याने थोडी रक्कम अनामत ठेवायची. कोर्स पूर्ण झाला की त्यातला मोठा भाग त्याला परत आणि उरलेला त्या बाईला मेहनताना. अगदी गरिबाला ही अट माफ. या पद्धतीने तिथले बरे होण्याचे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर राहिले. गोळी समोर घेणे इथेही होते. फरक असा की समोर बसणारी बाई शेजारची होती, तिचे घर चार पावलांवर होते आणि रोगी न आल्यास त्याची खबर घेणे तिला आपले काम वाटत होते. पहारा आणि सोबत यांतला फरक तो हाच.

दोष एकट्या रोग्याचा नाही

रोग्याने औषध सोडले असे आपण सहज म्हणतो. पण अनेकदा आधी औषधानेच रोग्याला सोडलेले असते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतल्या डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी खेड्यांतले टीबीचे रोगी शोधून त्यांना विचारले. तेव्हा समज असा होता की खेडूत अडाणी, दवाखान्यात येत नाहीत. दिसले उलटेच. निम्म्याच्या आसपास रोगी आधीच कुठल्यातरी दवाखान्यात जाऊन आले होते आणि खोकल्याची बाटली घेऊन परतले होते.

मुंबईचे उदाहरण तर जवळचे. १९९१ मधल्या एका पाहणीत शंभर खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी ऐंशी वेगवेगळ्या पद्धतींनी औषधे लिहून दिल्याचे निघाले. सुमारे वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धारावीत तीच पाहणी केली. १०६ डॉक्टरांपैकी बरोबर चिठ्ठी लिहिणारे सहा. मग २०११ च्या अखेरीस उदवाडिया यांनीच मुंबईतले असे रोगी जगापुढे ठेवले, ज्यांच्यावर तेव्हाचे जवळजवळ कोणतेच औषध चालत नव्हते. हे रोगी दवाखान्यांचे उंबरे झिजवून तिथवर पोहोचले होते. चुकीचे औषध इमानेइतबारे घेतल्यानेही जंतू निगरगट्ट होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ या एका वर्षात जगात १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला आणि साडेबारा लाख माणसे दगावली. रोग्यांपैकी चौथा हिस्सा एकट्या भारतात. साध्या टीबीचे उपचार सुरू झालेल्यांपैकी ८८ टक्के लोक यशस्वी होतात. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत हेच प्रमाण २०२४ च्या अहवालात ६८ टक्के होते. अठ्ठ्याऐंशी आणि अडुसष्ट यांच्या मधल्या वीस माणसांत आमच्या विद्यार्थ्याचे अब्बा उभे होते.

गोळी आणि ताट

त्यांनी औषध सोडण्याची जी कारणे आम्हाला सांगितली ती वर आली आहेत. बरे वाटले, मजुरी बुडत होती, मालकाची भीती. पण खरे कारण त्यांच्या बीबीने सांगितले, तेही आम्ही उठून दारापर्यंत आल्यावर, हळू आवाजात.

"सर, गोळ्या सुरू झाल्या आणि यांना भूक फार लागायला लागली. चार-चार रोट्या. मग यांच्या लक्षात आले की पोरांना पुरत नाही. तेव्हापासून म्हणायला लागले, आता बरा झालो, गोळी नको."

यावर आम्हाला बोलायला शब्द सापडले नाहीत. औषधाने माणूस बरा होत होता, त्याची खूण म्हणजे भूक. आणि त्या भुकेचीच त्याला लाज वाटली.

अन्नाचा आणि टीबीचा संबंध झारखंडमध्ये नीट तपासला गेला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात चार जिल्ह्यांतल्या २,८०० रोग्यांना औषधासोबत दरमहा शिधा दिला. तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. त्यातल्या अर्ध्या रोग्यांच्या घरच्यांनाही तांदूळ आणि तूरडाळ दिली. एकूण १०,३४५ घरच्या माणसांवर लक्ष ठेवले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघाले. लस नव्हती, नवी गोळी नव्हती, डाळ-तांदूळ होता. ज्या रोग्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत चांगले वाढले, त्यांच्यात मृत्यूही बरेच कमी झाले.

सरकारच्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रोग्याच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये येत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले आहेत. पण त्यासाठी नाव नोंदलेले आणि खाते जोडलेले असावे लागते. आमच्या या कुटुंबाचे खाते बंद पडलेले होते आणि पहिल्या वेळी ते सुरू करून घ्यायला कोणी सांगितले नव्हते. मोहल्ल्यात जकात-सदका देणारे पुष्कळ आहेत. टीबीच्या घरात सहा महिन्यांचा शिधा पोहोचवणे ही मदत थेट इलाजातच जमा होते.

वेगळे ताट

ताटावरून दुसरी गोष्ट. टीबी निघाला की अनेक घरांत रोग्याचे ताट-पेला वेगळा होतो. टीबी ताटाने पसरत नाही, कपड्याने नाही, एका दस्तरख्वानवर बसून जेवल्याने नाही, मुसाफा केल्याने नाही. औषध सुरू न झालेला रोगी खोकतो, तेव्हा बंद खोलीच्या हवेतून तो पसरतो. खिडकी उघडी ठेवा, पहिले काही आठवडे रोग्याने तोंडावर रुमाल किंवा मास्क ठेवावा, खोकताना तोंड झाकावे, एवढे पुरे. भांडी वेगळी केल्याने जंतू अडत नाही, माणूस तेवढा तुटतो.

बायकांच्या वाट्याला हे जास्त येते. आमच्या ओळखीतली एक नवी नवरी गोळ्यांची पट्टी तांदळाच्या डब्यात लपवत असे. सासरी कळले तर माहेरी पाठवतील ही भीती. डब्याजवळ कोणी असेल त्या दिवशी गोळी चुकायची. शेवटी तिनेच धीर करून सासूला सांगितले. सासू थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "वेडे, मलाही झाला होता. तुझे सासरे चार वर्षांचे होईपर्यंत कोणाला सांगितले नाही मी... नाही, तुझा शौहर चार वर्षांचा होईपर्यंत." गोंधळून दोघी हसल्या आणि मग रडल्या. त्यानंतर गोळी रोज सासूच देत. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात टीबीचे नाव निघाले की आवाज खाली जातो. कोर्स पूर्ण केलेली मुलगी बरी झालेली असते. तिला लग्न, मूल, नोकरी, कशालाच आडकाठी नाही.

रमजानमध्ये

गोळ्या चुकण्याचा आणखी एक काळ म्हणजे रमजान. दिवसाचा क्रम बदलतो, सकाळची गोळी राहून जाते, आणि काही जण मनाशी ठरवतात की महिनाभर नको, ईदनंतर पाहू. एक महिन्याचा खंड टीबीत फार महाग पडतो.

आजाऱ्याने रोजे पुढे पूर्ण करावेत ही सवलत कुरआन शरीफमध्येच, सूरह बकरामध्ये आहे. पहिल्या दोन महिन्यांतला रोगी, फार अशक्त माणूस, मधुमेह असलेला, यांनी ती सवलत घ्यावी. ज्यांची तब्येत सावरली आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावे. टीबीचा डोस बहुधा दिवसातून एकदाच असतो. त्यामुळे डॉक्टरांनी परवानगी दिली तर तो इफ्तारनंतर दोन तासांनी, तरावीह आटोपून, किंवा सहरीच्या तासभर आधी उठून रोज त्याच वेळी घेता येतो. सगळ्या गोळ्या एकदम घ्यायच्या, निम्म्या सहरीला आणि निम्म्या इफ्तारला असे वाटून घ्यायचे नाही. इमामसाहेबांनी रमजानच्या पहिल्या जुम्याला हे दोन वाक्यांत सांगितले तरी कितीतरी कोर्स वाचतील.

घरच्यांनी काय करावे

१. रोग्यासाठी घरातला एक माणूस ठरवावा. गोळी तो देईल, रोज एका वेळेला, आणि कॅलेंडरवर खूण करील. हे काम सातवी-आठवीचे मूलही नीट करते, पण मोठ्या माणसाचे लक्ष असू द्यावे.

२. लघवी नारिंगी झाली तर घाबरू नये. तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. औषध पोटात गेल्याची ती खूणच समजावी.

३. मळमळ, सांधे दुखणे, पायाला मुंग्या येणे, हे दवाखान्यात सांगावे. त्यावर उपाय असतो. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. औषध बदलायचे की थांबवायचे हे त्यांनी ठरवायचे, आपण नाही.

४. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीने डॉक्टरांना तसे सांगावे. रिफाम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो.

५. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यावी. ज्यांना आजार नाही त्यांना, विशेषतः लहान मुलांना, टीबी होऊ नये म्हणूनही औषध मिळते.

६. कामासाठी दुसऱ्या गावी जायचे असेल तर आधी दवाखान्यात कळवावे. नाव तिकडच्या केंद्रात वळवून देतात, औषध तिकडे मिळते.

७. दोन-चार दिवस चुकले तर लाजून घरी बसू नये. लगेच जाऊन सांगावे. रागावतील या भीतीने चार दिवसांचे चार महिने होतात.

आणि शेजाऱ्यांसाठी, शिक्षकांसाठी, मशिदीच्या दारात भेटणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी एकच गोष्ट. बरा दिसणारा रोगी भेटला की त्याच्या तब्येतीचे कौतुक जरूर करावे आणि त्याच दमात गोळ्यांचे विचारावे.

आमच्या विद्यार्थ्याच्या अब्बांचा आता नवा उपचार सुरू आहे. पूर्वी अशा टीबीला दीड-दोन वर्षे लागत. २०२४ मध्ये आपल्या सरकारने चार औषधांच्या सहा महिन्यांच्या कोर्सला मान्यता दिली, तोच त्यांना मिळाला. सोपा तो नाही. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या पायांना इतक्या मुंग्या येऊ लागल्या की चप्पल पायात आहे की नाही ते कळेना. या वेळी त्यांनी गोळी सोडली नाही. रात्रभर बसून राहिले आणि सकाळी दवाखान्यात जाऊन सांगितले. डॉक्टरांनी एका औषधाचे प्रमाण कमी केले. बँकेचे खाते सुरू झाले आहे. मोहल्ल्यातल्या दोन घरांनी पीठ-डाळ वाटून घेतली आहे. मुलगा शाळेत परत आला, पण नऊ दिवसांचे बावन्न दिवस झाले होते. गणितात तो अजून मागे आहे.

परवा जुम्यानंतर अब्बा पुन्हा मशिदीच्या दारात भेटले. आम्ही सलाम केला आणि लगेच विचारले. ते हसले, म्हणाले, "चालू आहेत सर. चौथा महिना लागला."